खुरप्याने लागलेला छडा

दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की हातात रहस्यकथा घेऊन घटकाभर आडवं व्हायचं, हे सुख आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या ओळखीचं आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आपल्या आयांनी उशीखाली लपवून वाचला. आपण उघड वाचतो, एवढाच काय तो फरक!

यंदा दिवाळीनंतर वाशीमला माहेरी गेले, तेव्हा पिशवीत अशीच एक इंग्रजी कादंबरी होती. आमच्या आत्याला वाचनाचं भारी वेड. पण हल्ली तिच्या डोळ्यांना अक्षर लागत नाही. म्हणून रोज दुपारी तिच्याजवळ बसून मी गोष्ट मराठीत सांगू लागले. ती गोष्ट आमच्याच परसात येऊन थांबेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं!

कोण ही रूथ?

लेखिका एली ग्रिफिथ्स. हे तिचं टोपणनाव. खरं नाव डोमेनिका डी रोझा. २००९ साली तिची ‘द क्रॉसिंग प्लेसेस’ ही कादंबरी आली, आणि २०२३ पर्यंत या मालिकेची १५ पुस्तकं झाली. नायिका रूथ गॅलोवे ही इंग्लंडमधल्या नॉरफोक भागातली पुरातत्त्वज्ञ. चाळिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, खाडीकाठच्या एकाकी घरात मांजरं पाळून राहणारी. पोलीस अधिकारी हॅरी नेल्सन एक दिवस तिच्याकडे येतो. दलदलीत एका लहान मुलीची हाडं सापडलेली असतात. दहा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली मुलगी हीच का, एवढंच त्याला हवं असतं. रूथ जागा पाहते, हाडं तपासते आणि सांगते, ‘ही मुलगी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.’

म्हणजे त्या हरवलेल्या मुलीच्या आईचं वाट पाहणं काही संपत नाही. इथे आत्याने पदर डोळ्यांना लावला. पुढे नेल्सन विवाहित आहे आणि रूथला त्याच्यापासून मुलगी होते, असं सांगितल्यावर मात्र तिने एकदम विचारलं, “अन् त्याच्या बायकोले ठाऊक आहे का?” मी म्हटलं, “आत्या, पंधरा पुस्तकं उगाच झाली का?”

गंमत म्हणजे हे सारं सुचलं ते नवऱ्यामुळे! ग्रिफिथ्सच्या पतीने शहरातली नोकरी सोडून पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलं. दलदल ही धड जमीन नाही, धड समुद्र नाही, म्हणून प्राचीन माणसं तिला पवित्र मानत, असं तो एकदा फिरताना बोलून गेला आणि तिला कथा सापडली. अगाथा ख्रिस्तीचंही तसंच. १९३० साली तिने मॅक्स मॅलोवन या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं. त्याच्याबरोबर उत्खननांवर राहून तिने ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ लिहिली, ती १९३६ साली प्रसिद्ध झाली. पुढे इराकमधल्या निमरूदला निघालेल्या हस्तिदंती वस्तूंच्या फटीतली माती या बाईने विणकामाची सुई आणि चेहऱ्याचं क्रीम वापरून काढली. बायकांच्या पेटीतलं सामान कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही!

गोधड्यांची चवड

हाडं किती जुनी, हे कळतं तरी कसं? आत्याने विचारलं तेव्हा मी कोपऱ्यातल्या गोधड्यांकडे बोट दाखवलं. तळाची गोधडी आधी ठेवलेली, वरची नंतर. मातीचे थरही तसेच. मधूनच कुणी गोधडी ओढली, तर चवड बिघडलेली दिसते. तसंच कुणी खड्डा खणून पुन्हा बुजवला, तर त्या जागची माती रंगाने नि पोताने वेगळी राहते. म्हणून तर हे लोक भसाभस खणत नाहीत. खुरप्याने आणि कुंचल्याने एकेक थर काढतात. शिवाय प्रयोगशाळेची मदत असते. सजीवांच्या शरीरात एक प्रकारचा किरणोत्सर्गी कार्बन असतो. मृत्यूनंतर तो घटत जातो आणि सुमारे ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. किती उरला, त्यावरून काळ काढतात.

आपल्या महाराष्ट्रातही असा तपास झाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगावला उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर अशी मोठी माणसं त्यात होती. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तान्ही मुलं पुरलेली निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत बाळ. मोठ्या माणसांना पुरताना मात्र कित्येकांची पावलं तोडलेली. आज अशी हाडं निघाली, तर पहिला संशय खुनाचाच येईल! पण हा गुन्हा नव्हता, रीत होती. गेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून पावलं तोडत असावेत, असा तर्क आहे. बाळाला तर घराबाहेरच जाऊ दिलं नाही. तीन हजार वर्षांपूर्वीची ती आई आपल्याहून फार वेगळी नव्हती!

मातीने दिलेली साक्ष

पुरातत्त्वज्ञाने खटल्यात मदत केल्याची खरी हकीकत आपल्याच देशातली आहे. १९७६ साली तमिळनाडूतल्या पत्तूर गावी एका मजुराला खणताना ब्राँझचा नटराज सापडला. तो हातोहात विकला गेला आणि थेट लंडनला पोचला. तिथल्या पोलिसांनी जप्त केल्यावर ही मूर्ती पत्तूरचीच कशावरून, असा वाद उभा राहिला. तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नागस्वामी लंडनच्या कोर्टात साक्षीला गेले. मूर्तीची घडण, तिला चिकटलेली माती, वाळवीच्या खुणा, हे सगळं पत्तूरच्या मंदिराजवळ निघालेल्या इतर मूर्तींशी ताडून पाहण्यात आलं. १९८८ साली निकाल आपल्या बाजूने लागला आणि १९९१ साली नटराज घरी परतला.

एक गोष्ट ध्यानात घ्या, मैत्रिणींनो. ती माती कुणी चिंच लावून घासून टाकली असती, तर तो पुरावाही तिच्याबरोबर वाहून गेला असता!

वाशीमचा ताम्रपट

हे मी म्हणाले मात्र, आत्या एकदम गप्प झाली. मला वाटलं, डुलकी लागली. म्हणून मी आपल्या गावाची गोष्ट काढली. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. पण गाव फार जुनं, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. राजशेखर कवीने काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावून दिलं, तेही वत्सगुल्मातच! असं असूनही या शाखेचा इतिहासकारांना नीटसा पत्ता नव्हता. १९३९ साली वाशीमच्या एका पंडितांच्या घरी ताम्रपट मिळाला. दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी ब्राह्मणांना दिलेल्या गावाचा तो दानलेख होता. त्यामुळे ही शाखा उजेडात आली आणि अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखाचाही अर्थ लागला. घरात जपलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी दीड हजार वर्षांचं कोडं सोडवलं!

“तांब्याचे पत्रे?” आत्या हळूच म्हणाली. “अन् वर अक्षरं?”

मग तिने सांगितलं. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परसात खड्डा खणताना तांब्याचे तीन जाड पत्रे निघाले. एका कडीत ओवलेले. सासूबाईंनी चिंच लावून लख्ख घासले, चार दिवस फळीवर ठेवले, आणि बोहारीण दारात आली तेव्हा आत्याने स्वतःच्या हाताने तिला देऊन टाकले.

“दोन पातेले घेतले म्या त्याच्यावर,” आत्या म्हणाली. “काय लिहेल होतं, कोणाले ठाऊक! आता कोण सांगन?”

मला काही बोलता येईना. कदाचित ते कुणा सावकाराचं किंवा देवस्थानाचं अलीकडचंच काही असेल. कदाचित नसेलही. पण आता त्याचा छडा कोणतीही रूथ लावू शकणार नाही.

एवढं लक्षात ठेवा

घराचा पाया, विहीर, संडासाची टाकी खणताना काही जुनं निघालं, तर घासू नका, धुऊ नका, वितळवू नका. जिथे निघालं ती जागा तशीच राहू द्या आणि फोटो काढून ठेवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. लपवला तर तो गुन्हा ठरतो. हाडं निघाली तर हात न लावता पोलिसांना कळवा. जुनी की नवी, ते जाणकार ठरवतील.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, ताम्रपट आणि ७५ वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या पोथ्या १९७२ च्या कायद्याखाली येतात. पिढीजात वस्तू घरात ठेवायला मनाई नाही. मात्र काही प्रकारांची सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तेव्हा माळ्यावरची पोथी रद्दीत घालण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांत जपलेल्या पोथ्यांतून अपभ्रंश भाषेतले काव्यग्रंथ जगापुढे आले, ते कुणी तरी जपले म्हणूनच.

निघायच्या दिवशी पाहते, तर शेजारच्या घराचं पायाखणन चाललं होतं आणि आत्या सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून बसली होती. तिला दिसत फारसं नाही, पण आवाज खणखणीत आहे. मजुरांना सांगत होती, “भाऊ, काही निघालं तर घासू नका बरं! आधी मले दाखवा.”