चिंध्यांची साक्ष: फुस्तात येथील भारतीय वस्त्रे

प्राचीन वेशभूषेचा अभ्यासक सामान्यतः शिल्प, चित्र आणि वाङ्मय या तीन साधनांकडे वळतो. ही साधने वस्त्राचे रूप सांगतात, घडण सांगत नाहीत. प्रत्यक्ष वस्त्र मात्र आपल्या दमट हवेत क्वचितच टिकते. नेवासे येथील उत्खननात एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत दोरा सापडला, तो तांब्याच्या क्षारांनी कुजू दिला नाही म्हणून. असे अपवाद वगळता मध्ययुगीन भारतीय सुती कापड पाहावयाचे तर इजिप्तच्या कोरड्या मातीकडेच जावे लागते.

फुस्तात हे इ. स. ६४१-४२ च्या सुमारास वसलेले, आजच्या कैरोलगतचे नगर. इ. स. ११६८ मध्ये ते जाळण्यात आले, आणि पुढे त्याच्या मोठ्या भागावर कचऱ्याचे ढीग साचले. ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे असंख्य तुकडे याच ढिगांतून आले, असे मानले जाते. 'मानले जाते' असे म्हणण्याचे कारण आहे. पुष्कळसे तुकडे कैरोच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेले असून त्यांचे नेमके प्राप्तिस्थान कोणीही नोंदलेले नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी यांनी जमविलेले असे सुमारे १२०० तुकडे आहेत. स्थान आणि थर ही पुरातत्त्वाची पहिली दोन साधने येथे हातची गेलेली आहेत.

मग हे कापड भारतीय कशावरून? फिस्टर या फ्रेंच संशोधकाने १९३८ साली नक्षीची तुलना गुजरातमधील कोरीव कामाशी केली. ती तुलना उद्बोधक होती; तथापि नक्षी ही मोठी प्रवासी वस्तू आहे, आणि एकदा आवडलेला ठसा पिढ्यान् पिढ्या चालतो. म्हणून केवळ नक्षीवरून काळ ठरविणे धोक्याचे. पुढे रूथ बार्न्स यांनी या संग्रहाचा अभ्यास करून काही तुकड्यांची कार्बन-कालमापनाने परीक्षा करविली, तेव्हा त्यांपैकी काही दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत मागे जातात असे आढळले. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर वंशपरंपरेने जपलेली याच जातीची वस्त्रे चौदाव्या शतकाच्या आसपासची निघाली. एकच माल पूर्वेस व पश्चिमेस जात होता हे त्यावरून उघड होते.

याहून साधे, भिंगाने होणारे परीक्षण सुताच्या पिळाचे. धागा उभा धरला असता तंतूंचा तिरपेपणा उजवीकडून डावीकडे उतरत असेल तर त्या पिळाला 'झेड' म्हणतात. उलट असेल तर 'एस'. इजिप्तमध्ये सूत बहुधा 'एस' पिळाचे, भारतात 'झेड' पिळाचे कातले जाई. परंतु 'झेड' पीळ इतर देशांतही आढळतो; केवळ त्यावरून भारतीयत्व सिद्ध करणारा विद्यार्थी घाई करतो. कापूस, पीळ, आणि तुरटीसारखे रंगबंधक व नीळ यांनी केलेली रंगाई, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे पुरावा बळावतो.

खरी श्रीमंती मात्र शिवणीत आहे. बाजारात तुकडा सुबक दिसावा म्हणून फाटक्या कडा कापून टाकण्याचा मोह होतो. पण दुमड, टीप आणि सुईची भोके त्या कडांतच असतात. जोडशिवण कशी दुमडली आहे यावरून तो पोशाख होता की पडद्यासारखे काही, याचा अंदाज बांधता येतो. नक्षीच्या मधूनच शिवण गेली असेल, तर शिवणाऱ्याने नक्षी जुळविण्याची पर्वा केली नव्हती. हे कापड बेतून पुन्हा वापरलेले असण्याचा संभव वाढतो. जुन्या ठिगळाचा रंग भोवतालच्या कापडाहून गडद असेल, तर ते ठिगळ मागाहून लावलेले असू शकते.

याच न्यूबेरी संग्रहात कशिद्याचे तुकडे व नमुनापटही आहेत. त्यांचा अभ्यास मेरियन एलिस यांनी केला. त्यांत दुहेरी धावदोऱ्याचे काम सापडते: एका फेरीत मोकळे राहिलेले अंतर परतीच्या फेरीत भरावयाचे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आमच्या दक्षिणेकडील कसुतीतही हाच टाका आहे. पण या साम्यावरून कोणी नाते जोडू नये. विणीचे धागे मोजून भरणाऱ्या कोणालाही तो स्वतंत्रपणे सुचू शकतो.

कोणताही तुकडा हाती आल्यास प्रथम त्याची मागील बाजू पाहावी. धुणे टाळावे, दुमडीत अडकलेली माती हीही साक्ष आहे. प्रति सेंटीमीटर उभे व आडवे धागे मोजावेत, पिळाची नोंद निरनिराळ्या जागी घ्यावी, आणि प्रत्येक शिवणीचे रेखाचित्र मोजमापांसह काढावे. छायाचित्र त्याला पूरक ठरते, पर्याय नव्हे. कारण दुमडीच्या आत धागा कोठून आला आणि कोठे गेला हे त्यात दिसत नाही.