सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा येत नाही

पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, हा ऋतूंबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर, असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे 50 लाख किलोमीटरने वाढते. शिवाय अंतरच कारण असते, तर उन्हाळा साऱ्या पृथ्वीवर एकदमच आला असता. जानेवारीत मराठवाडा गारठतो तेव्हा ऑस्ट्रेलिया तापत असतो.

खरे कारण आहे पृथ्वीचा सुमारे 23.4 अंशांनी कललेला अक्ष. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरांत वसलेले कपिलधार सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या सुमारास तिथे माध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो. ऊन तिरपे पडून जास्त जमिनीवर पसरते, आणि दिवसही अकरा तासांच्या आसपासच असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. दिवस मोठा होऊ लागतो तोही डिसेंबरच्या या तारखेपासून, संक्रांतीपासून नव्हे.

‘बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हेही अर्धवट खरे. कपिलधारला तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच: मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. घड्याळात तेव्हा साडेबाराच्या आसपास झालेले असतात. 21 जूनला तर माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेला पडते.

मग जूनपेक्षा मे जास्त का तापतो? कारण जूनमध्ये मोसमी ढग उन्हाला अडवतात. हा पाऊसही सूर्याचेच देणे: तापलेल्या भूभागावर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे आत ओढले जातात. बीड सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने त्यांतला बराच पाऊस आधीच पडून गेलेला असतो. उरलेल्यावर कपिलधारचा धबधबा कोसळतो.

तिथी ऋतू ठरवतात, ही समजूतही चुकीची. कपिलधारलाच संत मन्मथस्वामींच्या समाधीस्थळी कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. ही पौर्णिमा 2024 साली 15 नोव्हेंबरला होती, 2025 साली 5 नोव्हेंबरला. बारा चांद्रमास सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी कमी भरतात, म्हणून तिथी मागे सरकते. साधारण पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक मास ही घसरण भरून काढतो. तो नसता, तर कार्तिकी यात्रा कधी ना कधी भर पावसाळ्यात आली असती.