संडे मॉर्निंग, धीवर आणि आमची बोडी

संडेला सकाळी सहाला अलार्म लावणारी माणसं वेगळ्याच मातीची असतात, असं माझं ठाम मत होतं. आठवडाभर बीकेसीतल्या एसी ऑफिसात एक्सेल शीटशी झटापट केल्यावर संडे हा फक्त झोपेसाठीच असतो, नाही का? पण ९ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी रूममेटनं पांघरूण ओढलं. ‘‘चल ना यार, बर्ड वॉक आहे. पक्षी सप्ताह चालू आहे. फोटो तरी मस्त मिळतील!’’

फोटोंच्या लोभानं गेले. आणि घरी परतले ती एक भलतीच काळजी घेऊन.

कचऱ्यावरचं जंगल

सायन-बांद्रा लिंक रोडवरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. धारावीच्या बाजूला एक गेट लागतं आणि आत दाट झाडी दिसते. हेच माहीमचं निसर्ग उद्यान. साधारण ३७ एकरांची ही जागा एके काळी मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती. तिथला कचरा थांबला, माती पडली, एकेक झाड लावलं गेलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज पलीकडे मिठी नदी, तिवरं आणि त्यामागे आमच्या ऑफिसांच्या काचा. पर्यावरण दिन असो, वसुंधरा दिन असो की फुलपाखरांचा वॉक, इथे शाळेतल्या पोरांपासून रिटायर्ड आजोबांपर्यंत सगळे हजर.

आमच्या ग्रुपमध्ये वीसेक जण होतो. निम्म्यांच्या गळ्यात दुर्बीण, उरलेल्यांच्या हातात कॉफी. वॉक घेणाऱ्या काकांनी सुरुवातीलाच सांगितलं, की ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर सालीम अलींचा, म्हणून या दोन तारखांमध्ये पक्षी सप्ताह. राज्य सरकारनं २०२० पासून तो अधिकृतपणे साजरा करायचं ठरवलं. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्याशिवायचा हा पहिलाच सप्ताह.

मग ओळखपरेड सुरू झाली. ‘‘तू कुठली?’’

‘‘गोंदिया जिल्हा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी.’’

काकांचे डोळेच चमकले. ‘‘अगं, म्हणजे नवेगावबांधच्या शेजारची! चितमपल्ली तिथेच राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांचं बोट धरून जंगल वाचायला शिकले. मग आज तूच सांग आम्हाला!’’

वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला कावळा, चिमणी आणि मोर येतात हो!

तेवढ्यात पाण्याकाठच्या फांदीवर एक निळा ठिपका चमकला. ‘‘खंड्या,’’ काका म्हणाले. ‘‘मराठीत याला धीवरही म्हणतात.’’

धीवर? आमच्याकडे धीवर म्हणजे तलावात मासे धरणारा समाज. आमच्या घरामागेच त्यांची आळी आहे. पाखरू आणि माणूस, दोघांचा धंदा एक आणि नावही एकच. इतकी वर्षं हे शब्द कानावर होते, पण मी दोन्ही कधी एकत्र ऐकलेच नव्हते.

आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. कारण दिवाळीत बोनस झाल्यावर मी घरी चाळीस हजार पाठवले होते. कशासाठी? आमची बोडी बुजवायला.

बोडी म्हणजे काय रे भाऊ?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. आमचा भाग तलावांचा. बोडी म्हणजे शेतातला छोटा तलाव. पावसाचं पाणी पाळीनं अडवायचं आणि शेवटचा पाऊस दगा देऊन गेला, की त्यातून धानाला एक पाणी द्यायचं. ही अक्कल कोहळी लोकांची. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव कोलू पाटील कोहळींनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधला असं मानतात. पूर्व विदर्भात असे मालगुजारी तलाव आणि बोड्या हजारोंनी आहेत.

आमची बोडी अर्ध्या एकराची. गाळानं भरलेली, काठाला बेशरम माजलेली. बाबांचा हिशेब साधा होता. बोडी सपाट केली की एक बांधी वाढते आणि दरसाल सात-आठ पोती धान जास्त येतं. मलाही तेव्हा पटलं होतं. मी पैसे गुगल पे करून मोकळी!

आणि आता मी डम्पिंग ग्राउंडवर लोकांनी उभ्या केलेल्या जंगलात पक्षी सप्ताह साजरा करत होते. इथे माणसांनी कचऱ्यावर पाणी-झाडं आणली. तिकडे आम्ही जिवंत पाण्यावर माती टाकणार होतो. तीही माझ्या पगारातून.

विदर्भ एक्स्प्रेस

पुढच्याच आठवड्यात रजा टाकली. विदर्भ एक्स्प्रेसनं गोंदिया, मग बल्लारशा लाईनीची पॅसेंजर धरून अर्जुनी, तिथून केशोरी. धानकापणी जोरात होती.

संध्याकाळी आजीला घेऊन बोडीवर गेले. बेशरमीच्या आडून तीन-चार बदकं उठली. आजी म्हणाली, ‘‘आता का पाखरं हायेत वो! माह्या लग्नाच्या वक्ती या बांधीत सारसाचा जोडा राहे. मानसाएवढा उंच.’’

आजीचं खोटं नाही. सारस सहा फुटांपर्यंत उंच होतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच हाच. महाराष्ट्रात तो आता जवळपास फक्त आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरलाय, तोही मोजका. तो धानाच्या बांधीत, पाणथळीत घरटं करतो. पाणथळ जागा गेल्या, कीटकनाशकं आली, विजेच्या तारा आल्या. २०२१ मध्ये तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला सारसासाठी स्वतःहून याचिका दाखल करून घ्यावी लागली.

रात्री जेवताना विषय काढला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘पाखरं पाहून पोट भरते का? तुमी मुंबईले फोटो काढता. आठ पोती धान कोन देईल?’’

‘‘मी देईन. दरवर्षी.’’

‘‘तुहे पैसे किती साल पुरतीन?’’

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वॉकमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही.

उत्तर सापडलं घरामागच्या आळीत. आमच्याच तालुक्यात धीवरांच्या मच्छीमार संस्था, बायकांचे गट आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ मिळून काही वर्षं तलाव दुरुस्त करतायत. बेशरम उपटायची, पाण्याखालच्या देशी वनस्पती पुन्हा लावायच्या, मग देशी मासे वाढतात आणि मागोमाग पाखरंही येतात. आळीतल्या काकू म्हणाल्या, ‘‘बोडी साफ करून द्या. बोटुकली आमी सोडतो. मासे अर्धे अर्धे.’’

बाबांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, ‘‘ठीक हाये. एक साल पाहू.’’

एक साल! म्हणजे जेसीबी येणारच आहे, उन्हाळ्यात, माझ्याच चाळीस हजारांत. पण बुजवायला नाही, गाळ काढायला. मासे नाही झाले तर पुढच्या वर्षी हाच वाद पुन्हा. बाबांचा हिशेब चुकीचा नाही, हे मला आता कळतं. बोडी टिकायची तर तिला घर चालवण्यात हातभार लावावाच लागेल.

मुंबईत परतल्यावर पुढचा वॉक चुकवला नाही. काकांनी विचारलं, ‘‘काय, गावाकडे काय दिसलं?’’ मी बदकांचा हललेला फोटो दाखवला. ‘‘हळदी-कुंकू,’’ ते लगेच म्हणाले. मी बाबांना मेसेज केला. तासाभरानं रिप्लाय आला, ‘‘आमाले मालूम हाये. तू आता शिकली.’’

तुम्हालाही जायचंय?

* पक्षी सप्ताह दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर. जवळच्या उद्यानात, तलावावर चौकशी करा.
* भडक कपडे आणि परफ्युम घरी ठेवा. मोबाईल सायलेंटवर.
* दुर्बीण नसली तरी चालेल. छोटी वही मात्र हवीच.
* पक्ष्याचं इंग्रजी नाव कळलं, की गावी फोन करून तिकडचं नाव विचारा.
* आणि गावी शेत, विहीर, बोडी असेल, तर पैसे पाठवण्याआधी एकदा जाऊन बघा!