नाकावाटे पियुषिकेपर्यंत : संप्रेरके स्रवणाऱ्या गाठींची शस्त्रक्रिया

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मागे, जतुकास्थी नावाच्या हाडातील एका छोट्या खळग्यात पियुषिका ग्रंथी असते. वाटाण्याएवढ्या आकाराची आणि जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी शरीराची वाढ, प्रजनन, दूधनिर्मिती, पाण्याचा समतोल तसेच थायरॉइड आणि अधिवृक्क या ग्रंथींचे कार्य नियंत्रित करणारी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारी रसायने, स्रवते. तिच्यातील एखाद्या प्रकारच्या पेशी अनिर्बंध वाढू लागल्या की अडेनोमा नावाची गाठ तयार होते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते आणि शरीरात अन्यत्र पसरत नाही. परंतु ती संप्रेरके स्रवणारी असेल, तर काही मिलिमीटर आकाराची असूनही सबंध शरीराची घडी विस्कटून टाकते. म्हणूनच तिच्यावरील शस्त्रक्रियेचा विचार नुसता गाठीच्या आकारावरून करता येत नाही.

कोणते संप्रेरक अतिरिक्त प्रमाणात स्रवते, यावर आजाराचे स्वरूप आणि उपचार दोन्ही ठरतात. यांतील सर्वाधिक आढळणाऱ्या गाठी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूधनिर्मितीचे संप्रेरक, स्रवणाऱ्या असतात; त्यांमुळे स्त्रियांची मासिक पाळी थांबते, बाळंतपण नसतानाही स्तनांतून दूध येते आणि पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा व क्षमता मंदावते. या गाठी बहुतेक वेळा कॅबरगोलीनसारख्या गोळ्यांनीच आक्रसतात, त्यामुळे शस्त्रक्रिया सहसा औषध सोसत नसेल किंवा लागू पडत नसेल तेव्हा केली जाते. वाढीचे संप्रेरक अतिरिक्त झाले तर प्रौढ वयात ॲक्रोमेगली होते, ज्यात हातपाय, जबडा, नाक आणि जीभ हळूहळू मोठी होत जातात. फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी १८८६ मध्ये या विकाराला हे नाव दिले. अधिवृक्क ग्रंथींना चेतवणारे एसीटीएच हे संप्रेरक वाढले, तर त्या ग्रंथी कोर्टिसोल वाजवीपेक्षा जास्त निर्माण करतात आणि चेहरा गोल होणे, पोटावर चरबी साठणे, त्वचेवर जांभळट पट्टे उमटणे, स्नायू दुबळे पडणे, रक्तदाब व रक्तातील साखर वाढणे ही कुशिंग आजाराची लक्षणे दिसू लागतात. ॲक्रोमेगली आणि कुशिंग या दोन्ही विकारांत शस्त्रक्रिया हाच सामान्यतः पहिला उपचार ठरतो.

या शस्त्रक्रियेला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाक बाहेरून बाजूला वळवून, जतुकास्थीच्या पोकळीतून पियुषिकेच्या गाठीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रथम वापरला. व्हिएन्नातील कान-नाक-घसा शल्यविशारद ओस्कार हिर्श यांनी १९१० मध्ये चेहऱ्यावर छेद न देता नाकाच्या आतूनच तेथवर जाता येते हे दाखवले, तर अमेरिकेतील हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून छेद घेण्याची पद्धत विकसित केली. कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात या मार्गाने २३१ गाठींवर शस्त्रक्रिया केल्या आणि प्रतिजैविके नसलेल्या त्या काळातही मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के राखले. तरीही पुढे ते कवटी उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेकडे वळले आणि त्यांच्या पाठोपाठ बहुतेक शल्यविशारदांनीही नाकाचा मार्ग सोडला. त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट यांनी मात्र एडिंबरामध्ये तो जपला. त्यांच्याकडून तो पॅरिसच्या जेरार गियो यांनी १९५६ मध्ये शिकून घेतला आणि गियो यांच्याकडून मॉन्ट्रियलच्या झ्यूल आर्डी यांनी. आर्डी यांनी १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शकाचा वापर सुरू करून, निरोगी ग्रंथी शाबूत ठेवत १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठ तेवढी काढता येते हे सिद्ध केले. गुरूकडून शिष्याकडे अशी ही विद्या टिकली नसती, तर आजच्या रुग्णांना कवटी न उघडता होणारा उपचार मिळण्यास आणखी विलंब झाला असता.

आज अनेक केंद्रांत ही शस्त्रक्रिया एंडोस्कोप, म्हणजे प्रकाश व कॅमेरा जोडलेली बारीक दुर्बीण, वापरून कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि मेंदू शल्यविशारद एकत्रितपणे करतात. पूर्ण भूल दिल्यानंतर नाकपुड्यांतून दुर्बीण व उपकरणे आत नेली जातात, जतुकास्थीच्या पोकळीची पुढची भिंत उघडली जाते आणि पियुषिकेच्या खळग्याचे पातळ हाड काढून मेंदूच्या आवरणाला छेद दिला जातो. निरोगी ग्रंथी पिवळसर आणि काहीशी घट्ट असते, तर गाठ बहुधा करडी-पांढुरकी आणि मऊ असते. या फरकाच्या आधारे शल्यविशारद ती खरवडून किंवा तिच्याभोवतीच्या आवरणासह सोलून काढतात. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या आणि वर दृष्टीच्या चेता असल्यामुळे येथे चुकीला फारच थोडा वाव असतो. शेवटी मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू नये म्हणून, गरजेनुसार पोटाची वा मांडीची चरबी किंवा नाकाच्या पडद्याचे अस्तर वापरून ती जागा बंद केली जाते.

कुशिंग आजारात गाठ इतकी लहान असू शकते की एमआरआयमध्येही ती दिसत नाही. अशा वेळी मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन, पियुषिकेतून रक्त वाहून आणणाऱ्या शिरांतील एसीटीएचची पातळी हाताच्या शिरेतील पातळीशी ताडून पाहिली जाते आणि दोष खरोखर पियुषिकेतच आहे की शरीरात अन्यत्र, हे ठरवले जाते. ॲक्रोमेगलीत मोठ्या जिभेमुळे आणि घशातील सुजेमुळे श्वासनलिकेत नळी घालणे कठीण होऊ शकते, म्हणून भूलतज्ज्ञाला आधीपासून तयारी ठेवावी लागते.

गाठ निघाली की काम संपले, असे येथे मानता येत नाही. रोग आटोक्यात आला की नाही याचा निर्णय रक्ततपासणीतील संप्रेरकांच्या पातळीवर होतो. कुशिंग आजारात शस्त्रक्रियेनंतर कोर्टिसोल एकदम खाली जाणे हे यशाचे लक्षण समजले जाते, कारण दीर्घकाळ दबलेल्या निरोगी पेशी लगेच जाग्या होत नाहीत. त्या पूर्ववत होईपर्यंत, कित्येकदा अनेक महिने, रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या आपल्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. ॲक्रोमेगलीत हाताबोटांची सूज काही दिवसांतच ओसरू लागते, परंतु वाढलेली हाडे पूर्ववत होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना अतोनात तहान आणि लघवी सुरू होते, तर काहींच्या रक्तातील सोडियम आठवडाभराने अचानक घटते. त्यामुळे घरी गेल्यावरही तपासण्या चुकवून चालत नाही. गाठ शेजारच्या शिरांच्या जाळ्यात घुसलेली असेल तर ती संपूर्ण काढणे अनेकदा शक्य होत नाही आणि उरलेल्या रोगासाठी औषधे किंवा नेमक्या जागी केंद्रित केलेले किरणोपचार वापरावे लागतात.

लहान गाठींमध्ये अनुभवी हातांनी मिळणारे यश मोठ्या गाठींपेक्षा बरेच जास्त असते आणि म्हणूनच लवकर निदानाला सर्वाधिक मोल आहे. परंतु या गाठींमुळे शरीरात होणारे बदल इतके सावकाश घडतात की ते घरच्यांच्याही नजरेतून निसटतात. बोटातली अंगठी किंवा पायातली जोडवी घट्ट होत गेली, प्रौढ वयात चपलेचा नंबर वाढला, दातांमध्ये फटी पडल्या, तरुण वयात रक्तदाब व मधुमेह एकत्र आले आणि अंगावर जांभळे पट्टे उमटले, पाळी कारणाविना थांबली किंवा बाजूचे दिसणे कमी झाले, तर ते वयावर किंवा वजनावर ढकलू नये. जुनी छायाचित्रे सोबत घेऊन अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे. आणि शस्त्रक्रिया ठरल्यास, ती नियमितपणे करणारा शल्यविशारद आणि संप्रेरकतज्ज्ञ जेथे एकत्र काम करतात असेच रुग्णालय निवडावे, मग त्यासाठी दुसऱ्या शहरी जावे लागले तरी चालेल.