भुलीच्या बंदुकीचा दिवस

पहाटे ५.३०. माणिकडोह धरणाच्या पाण्यावर धुकं आहे. पेटी उघडून आधी दाबमापकाचा काटा बघतो. ही बंदूक दारूवर नाही, कार्बन डायऑक्साइडवर चालते आणि थंडीत गॅसचा दाब पडतो. काल दुपारी नेमका लागलेला डार्ट आज पहाटे बिबट्याच्या अलीकडेच पडेल.

७.०० नळी. दारू नाही म्हणजे काजळी नाही, मग पुसायचं काय, असं लोक विचारतात. उसाच्या फडात एकदा शिरून बघावं. धूळ, दव आणि पाचटाची कुसं. एक कूस अडकलं तरी डार्ट वाकडा जातो. दोरीला सुती चिंधी बांधून ओढायची, आधी ओली, मग कोरडी. आमचे एक निवृत्त वनपाल जुन्या बंदुका हाताळलेले. ते हमखास म्हणतात, "अरे, जरा तेल पाज की तिला!" पण साध्या तेलानं हिचे रबरी वायसर फुगतात. सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर.

९.०० डार्ट. खरी मेहनत इथे. डार्ट म्हणजे उडतं इंजेक्शन: पुढच्या खणात औषध, मागच्या खणात दाबलेली हवा. सुईचं भोक बाजूला असतं, त्यावर सिलिकॉनची टोपी. सुई मांसात शिरली की टोपी मागं सरकते आणि हवा औषध ढकलते. टोपी सैल असली तर औषध वाटेतच सांडतं, फार घट्ट असली तर सुईतच राहतं. मग अर्धवट गुंगीतला बिबट्या उसात शिरतो, आणि त्याच्या मागं आम्ही. वापरलेल्या डार्टची आधी हवा सोडायची, मग धुवायचा. हातमोजे घालूनच, कारण केटामाइन आणि झायलाझिन माणसालाही आडवं करतात.

११.०० डार्टमध्ये पाणी भरून पोत्यावर चाचणी. जवळून जास्त दाब दिला तर हाड मोडेल. शिकारीच्या बंदुकीला ही काळजी नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, पण आमच्याच वनविभागात, शिरूरच्या पिंपरखेडला, नोव्हेंबर २०२५मध्ये नरभक्षक बिबट्यावर गोळी चालवावी लागली. त्यावर मी इथे फार बोलणार नाही.

१.३० फोन. आंबेगावात ऊसतोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. निघालो.

४.०० बांधावर गर्दी. एक म्हातारे पुढे आले.

"भाऊ, बंदूक आणलीय ना?"

"आणलीय, बाबा. गाडीतच राहू द्या. फक्त माणसं मागं घ्या."

आई जवळपासच असणार. पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवून, सापडली त्याच जागी नेऊन ठेवली. तोड थांबवली. रात्री पाणी धरायला कोणी येऊ नये, हेही सांगितलं. पंपाची वीज बरेचदा रात्रीची असते, त्यामुळे हे सांगताना जीभ जड होते.

रात्री ९.४० क्रेट कलंडलं. पिल्लं नाहीत.

११.३० एकही डार्ट सुटलेला नाही, तरी नळीला दव लागलंय. दोरी काढली, चिंधी बांधली.