दोन्ही हात शाबूत

मे महिना. सकाळचे साडेदहा, पण रस्त्याचं डांबर आत्ताच मऊ पडलंय. स्टेशनकडून कचोरीच्या तळणाचा वास येतो. गाडीतून उतरलेले भाविक देवळाची वाट धरतात, मी तहसीलची.

कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली गर्दी आहे. सावली सरकते तशी माणसं सरकतात. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. आत रेशनकार्ड, आधार, पासबुक, दवाखान्याची फाइल. अर्ज लिहून देणारा टेबलावरून मान वर न करता विचारतो, "उत्पन्नाचा दाखला? झेरॉक्स किती?" आतून निरोप येतो, सर्व्हर डाऊन आहे, थांबा.

रांग संजय गांधी निराधार योजनेची. रांगेत माणसांपेक्षा चपला जास्त. ज्याला उभं राहवत नाही, तो चप्पल नंबराला लावून पायऱ्यांवर बसतो.

अशाच एका पायरीवर पंचेचाळिशीचा एक जण बसलाय. घोटे सुजलेले. बायको बाटलीच्या झाकणात पाणी ओतून त्याच्यापुढे धरते. झाकणभरच. दोन्ही किडन्या गेल्यात, दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मापून दिलंय. बाहेर पारा ४४ कडे चाललाय आणि तो नुसते ओठ ओले करतो.

तो बाही वर सारतो. डाव्या हाताची शीर सुतळीच्या पिळासारखी वर आलेली. हा फिस्टुला, डायलिसिसच्या सुया इथेच टोचतात. त्या हाताने वजन उचलायचं नाही. आयुष्यभर हमाली केलेल्या माणसाचा तो हात.

"बसून कराचं काम द्या म्हना," तो म्हणतो, "करतो मी."

त्याचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. किडनीचे रुग्ण गावोगाव. लोक बोट पाण्याकडे दाखवतात. उपचाराला शासनाची जन आरोग्य योजना आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास मशीनला लागलेल्या माणसाला रोजंदारीवर कोण ठेवणार?

आम्ही बोलत असताना रांग दोन चपला पुढे सरकते.

पुढच्या पोराच्या पायाला पोलिओ आहे. त्याच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे, ४० टक्क्यांच्या वरचं. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या. त्या एकवीसमध्ये किडनीचा आजार नाही. पायरीवरच्या माणसाचे दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत. त्यामुळे तो दिव्यांग नाही. आणि काम करायला धडधाकटही नाही.

त्याची सारी भिस्त निराधारच्या अर्जावर. दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये, इतरांना १,५००. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा दुर्धर आजाराने पोट भरता येत नसेल, तर अर्ज चालतो. मात्र कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. बायको शेतात जाते. ३०० रुपये रोज धरला, तर सत्तर दिवसांत ही मर्यादा गाठली जाते.

ती मला हळूच विचारते, "मी कामाले गेली तं याचं बंद होईन का, भाऊ?"

खिडकी उघडते. गलका होतो. तो कठड्याला धरून उठतो, उजव्या हातानेच. कारकून फाइल चाळतो. "बाबा, डॉक्टरांचा दाखला जुना झाला. नवा आणा." कारकुनाचा आवाज चढलेला नाही, नियम तसा आहे.

दोघं कागद परत पिशवीत घालतात. मोफत डायलिसिसने हा माणूस जगवला, हे मोठंच काम झालं. पण जगवलेल्या माणसाला त्याच्या अंगाला झेपेल एवढं काम हवं, आणि चार पैसे कमावले म्हणून अनुदान तुटणार नाही, ही हमीही हवी. साऱ्या देशात रोजगार हमी पोचायच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, तिचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला बसून करायच्या कामाची हमी अवघड नसावी.