सहा सिलिंडरांचा ताळा

गेल्या उन्हाळ्यात महिनाभर मुलीकडे कोव्हेंट्रीला होतो. इंग्लंडमधलं हे मोटारींचं गाव. शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले. तरुणपणी इथल्याच कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात होते. तिथली मोटारींची जुळणी १९८० साली थांबली, पण आजोबांच्या गॅरेजात १९७० सालची एक लाल टीआर-६ अजून उभी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची. ती त्यांना नातीला द्यायची होती. पण गाडीची एक खोड होती. धावताना झकास, सिग्नलला थांबली की अंग झटकायची, पेट्रोलचा वास सोडायची आणि बंद पडायची.

"तुमचे कान कसे आहेत?" एके सकाळी त्यांनी कुंपणावरून विचारलं. त्यांना स्वतःला ऐकू कमी येऊ लागलं होतं. मला मोटारीतलं काही कळत नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "कळायला नकोच. फक्त ऐका."

१९६७ च्या टीआर-५ पासून ट्रायम्फने कार्ब्युरेटर काढून ल्यूकसचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन बसवलं. टीआर-६ लाही तेच. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना मात्र कार्ब्युरेटरच राहिले. या व्यवस्थेत इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही. एक मीटरिंग युनिट सहाही सिलिंडरांना पेट्रोल सारखं मोजून देतं. हवा येते ती सहा पडद्यांतून. तीन थ्रॉटल बॉडी, प्रत्येकीत एका दांडीवर दोन पडदे, आणि तिन्ही जोड्या सळ्यांनी एकमेकींशी बांधलेल्या. एक जोडी केसभर जास्त उघडी राहिली, तर गाडी पळताना ते कळतही नाही. उभ्या जागी मात्र पडदे जवळजवळ मिटलेले असतात, तिथे केसही मोठा होतो. शिवाय हे युनिट आतल्या पोकळीचा दाब बघून पेट्रोल ठरवतं. हवा नको तिथून शिरली की त्याला वाटतं, गाडी घाट चढतेय! मग ते आणखी पेट्रोल ओततं.

मध्यंतरी कुणा मेकॅनिकने सोपा उपाय केला होता. आयडलचा स्क्रू फिरवून इंजिनाचे फेरे मिनिटाला बाराशेवर नेले. गाडी बंद पडेना, पण दोष तसाच राहिला.

हे ऐकलं आणि मला १९८४ सालची आमची तालुक्याची शाखा आठवली. सेव्हिंग्जच्या लेजरात २७० रुपयांचा फरक येत होता. रात्रीचे साडेआठ वाजलेले, शेवटची एसटी नऊची. मी फरक सस्पेन्स खात्यात टाकला आणि घरी गेलो. लेजर ज्या क्लार्कचं होतं, त्याच्याकडे पुढे दोन महिने सगळे जरा तिरकेच बघत होते. फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटे पडलेत समजावं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. ३६० च्या जागी ६३० पडले होते, आणि अक्षर माझं होतं. मी नोंद गुपचूप दुरुस्त केली. कुणाला काही बोललो नाही.

आजोबांनी घाई केली नाही. आधी व्हॉल्व्हचं अंतर आणि इग्निशन तपासलं. दांड्यांच्या झिजलेल्या बुशी बदलून झाल्याच होत्या. त्या सैल असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. मग गाडी बाहेर उघड्यावर आणून इंजिन पुरतं तापू दिलं. जोड्या जोडणाऱ्या सळ्या सोडवल्या. मला हातभर रबरी नळी दिली. एक टोक कानाशी, दुसरं हवेच्या तोंडाशी. पहिल्या जोडीत 'स्स्स' आवाज, दुसरीत तसाच, तिसरीत जाड आणि घोगरा. "तिसरी," मी म्हणालो. त्यांनी स्क्रू जेमतेम हलवला. पुन्हा पहिली, दुसरी, तिसरी. एकीला हात लावला की बाकीच्यांचा आवाज बदलायचा. तासाभराने तिन्ही एका सुरात आल्या. मग हवेचा वेग मोजायच्या छोट्या यंत्राने त्यांनी माझ्या कानांचं ऑडिट केलं. सळ्या अशा जोडल्या, की साधलेला मेळ बिघडू नये. आणि सर्वांत शेवटी, अगदी शेवटी, आयडलचा स्क्रू. काटा साडेसातशेवर स्थिरावला.

आजोबा हात मडगार्डवर ठेवून उभे राहिले. कानांनी नव्हे, तळव्याने ऐकत होते. नातीला त्यांनी आधी ती रबरी नळी दिली आणि मग किल्ली.

परत आल्यावर मी त्या क्लार्कचा नंबर शोधला. तोही आता निवृत्त झालाय. चाळीस वर्षांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे क्षणभर शांतता.

"साहेब," तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. तुमचा सहा मी ओळखत होतो."